शिसमाचं बाळंतपण

चि. इरा आणि चि. अर्णव,

इरा, तू पाठवलेला फोटो मी मोठा करकरून पाहिला. वादळात पडलेल्या मेपलची फळी मिळाली, बाबांसाठी तिचं घड्याळ करायचं ठरवलंस, आणि लवकर वाळावी म्हणून ती हीटरवर ठेवून दिलीस. सकाळी उठून बघतेस तर फळीभर चिरा. खाली तू लिहिलं होतंस, 'आजी, लाकूड लवकर वाळेल आणि वरून तडकणार नाही, असं काही करता येतं का? तुमच्या शेजारी लाकडाची वखार होती ना?'

होती. आणि असं करता येतं. उत्तर चार ओळींत बसलं असतं, आणि तुम्हाला ठाऊक आहे, मला लांबण लावायला आवडत नाही. पण ते ज्या बाईकडून मला कळलं तिला वगळून लिहायला बसले तर जमेना. म्हणून आधी ती बाई सांगते. फळीचं त्यातच येईल. अर्णव, तूही वाच. मराठी अडलं तर आईला विचार. त्या वखारीत दुपारभर उनाडक्या करून ती भुसा डोक्यात घेऊन घरी यायची.

बदनापूरला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर होतं. तुमचे आजोबा तिथल्या कृषी संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांवर काम करायचे आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. आमच्या मागच्या भिंतीला लागून याकूबभाईंची वखार. भिंत बसकी होती. मी ओट्यावर पोळ्या लाटत असले की पलीकडे फळ्यांच्या थप्पीवर बसलेली त्यांची बायको जुबेदाआपा मला कमरेपासून वर दिसायची, आणि तिला मी.

याकूबभाई अचानक गेले. आपाची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे बाईनं घरात बसायचे दिवस, संपेपर्यंत वखार बंद होती. दीर, भाचे, गावातले दोन व्यापारी, सगळ्यांनी मनाशी वखारीचे तुकडे पाडून ठेवले होते. इद्दत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी कुलूप उघडल्याचा आवाज आला. मी भिंतीवरून पाहिलं. आपा नवऱ्याच्या लाकडी स्टुलावर बसली होती, पायात नवऱ्याच्याच चामडी चपला, आणि वखारीतल्या बबन मिस्त्रीला सांगत होती, "हा स्टूल डुलतो. आधी त्याचा पाय बराबर कर. मंग बाकीच्या दुनियेचं बघू."

आपा म्हणजे थोरली बहीण. ती माझ्याहून थोरली होती की धाकटी हे काही ठरलं नाही, कारण तिला स्वतःचं जन्मवर्ष माहीत नव्हतं आणि मी माझं सांगत नव्हते. मी तिला 'तू' म्हणायचे, ती मला 'बाई, तुम्ही'. उंच, हाडापेरानं मोठी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि तो दोरीनं गळ्यात अडकवलेला. दोरी अशासाठी की लाकूड तपासताना ती चष्मा काढायची. लाकूड डोळ्यांनी बघायचं नसतं असं तिचं म्हणणं. ती फळीला गाल लावायची. गालाला गार लागलं की फळी ओली. मग बोटाच्या पेरानं ठोकायची आणि मान तिरकी करून ऐकायची. एखाद्या पोराच्या कपाळाला गाल लावून ताप बघावा तसं ते दिसायचं, आणि गिऱ्हाईक नवं असलं तर बिचारं गोंधळून दुसरीकडे बघायचं.

तिचं तोंड मात्र गोड नव्हतं. एकदा कुणी शेतकरी घराच्या चौकटीसाठी लाकूड न्यायला आला होता.

"आपा, आज माल द्या. वास्तूचा मुहूर्त धरलाय."

"मुहूर्त तुम्ही धरला. लाकडाला इचारलं का?"

"लाकडाला काय इचारायचं? पैसे मी देऊन राह्यलो."

"मंग पैशाचीच चौकट करा की. ती तडकत न्हाई."

तो माणूस तणतणत जालन्याला गेला. पुढे त्याची चौकट तडकली, दरवाजा बसेना, बायको त्याला रोज बोलते, असं आपा सगळ्यांना शपथेवर सांगायची. ते घर बघायला ती कधीही गेलेली नव्हती.

तिला सगळंच कळत होतं असं समजू नका. वासावरून झाड कुठल्या गावचं ते ओळखते, असा तिचा दावा होता. तिचं माहेर भोकरदन तालुक्यातलं हसनाबाद. त्यामुळे चांगलं निघालेलं प्रत्येक लाकूड हसनाबादचं असायचं आणि वाकडं, गाठाळ निघालेलं कुठलंही. एकदा बबननं आमच्याच परसातल्या कडुनिंबाची फांदी कापून तिच्यापुढे ठेवली. आपानं डोळे मिटून वास घेतला. "हसनाबाद," ती म्हणाली. "नदीच्या अंगाचं." बबननं भिंतीवरून माझ्याकडे पाहिलं. मी पोळीकडे पाहिलं. ती आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, "हसा. ह्या निंबाचं बी हसनाबादहून कावळ्यानं आणलं असंल, तुम्हाला काय माहीत?"

आता पत्र्याची खोली.

वखारीच्या कोपऱ्यात एक पत्र्याची बुटकी खोली होती. आत भुशाची शेगडी, तिच्यावर पाण्यानं भरलेलं भलंमोठं डेग. फळ्या एकावर एक रचलेल्या, पण चिकटून नव्हेत. दर थरात बारीक पट्ट्या घातलेल्या, वरच्या पट्टीखाली बरोबर खालची पट्टी, आणि सगळ्यात वर दगड. दोन्ही बाजूंची दारं लावली की आत पाण्याची वाफ कोंडायची. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटायचं आपा बिर्याणी शिजवतेय. मलाही पहिल्यांदा ते उलटंच वाटलं. लाकूड वाळवायचं म्हणता आणि त्याला वाफ कशी देता?

"बाई, तुम्ही बाळंत झाल्या तव्हा तुम्हाला कुठं ठेवलं होतं?" तिनं विचारलं.

"खोलीत."

"दार लावून. शेक देऊन. वाऱ्याला जाऊ दिलं होतं का कुणी?"

"नाही."

"मंग? झाडापासून तुटलेलं लाकूड म्हणजे ओली बाळंतीण. आंग कच्चं. त्याला तसंच वाऱ्यात टाकलं तर वरची कातडी जल्दी वाळती, आतलं आंग ओलंच. वरचं आकसून राह्यलं, आतलं आकसत न्हाई. कातडी फाटंल न्हाई तर काय होईल? म्हणून आधी आतपर्यंत गरम होऊ द्यायचं, वरून ओलं ठेवून. मंग दाराची फट जरा उघडायची. मंग जास्ती. मंग शेवटाला वारं."

तुमचे आजोबा हे ऐकून फार खूश झाले. त्यांनी केंद्रातून दोन नळ्यांचा एक तापमापक आणून त्या खोलीत टांगला. हवेत दमटपणा किती ते त्यावर कळतं. ते रोज संध्याकाळी जाऊन आकडा बघायचे. आपा त्याला 'साहेबांचं घड्याळ' म्हणायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं दाखवायची. तिनं स्वतः त्यात कधी पाहिलं नाही. मात्र आजोबांची एक गोष्ट तिनं घेतली. फळ्यांच्या टोकांना ती शेण लिंपायची, कारण टोकांतून ओल सगळ्यात लवकर जाते आणि चिरा तिथून सुरू होतात. आजोबा म्हणाले, शेणापेक्षा जुना ऑइलपेंट लावा, तो ओल जास्त धरेल. "साहेब, तुम्ही तूर बघा," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात सगळ्या फळ्यांची टोकं ऑइलपेंटनं हिरवीगार होती. 

हे सगळं जुनं झालं. आता जे सांगते ते आम्ही दोघं निवृत्त झाल्यानंतरचं.

आपाला एकच मुलगी, नसरीन. तुमच्या आईहून बरीच लहान. ती घनसावंगीकडे तीर्थपुरीला दिली. जावयाचं शेतीच्या अवजारांचं दुकान. माणूस शांत, हसतमुख. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आपानं सातव्या महिन्यातच सागाचा पाळणा करून घेतला. वखारीत तो पांढरं फडकं झाकून ठेवला होता. गिऱ्हाईक आलं की फडकं वर करून दाखवायची. ते मूल जगलं नाही. त्याच्यानंतरचंही पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेनंतर एक दिवस मी भिंतीवरून पाहिलं, तर आपा जमिनीवर बसून स्वतःच्या हातानं तो पाळणा सुटा करत होती. दांड्या एकीकडे, फळ्या एकीकडे. त्या दांड्या तिनं पत्र्याच्या खोलीत थरांच्या मधे घालायला वापरून टाकल्या. "चांगलं वाळलेलं लाकूड आहे," एवढंच म्हणाली.

म्हणून तिसऱ्या खेपेला तिनं काहीही तयार करू दिलं नाही. दुपटं नाही, अंगडं नाही, सुईत दोरा ओवायचा नाही. बबननं एकदा सहज विचारलं, "आपा, पाळण्याला लाकूड काढून ठेवू का?" तर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. बाळ हाती येईल, मग झाड तुटेल, असं तिचं ठरलं होतं. झाडही ठरलं होतं. हसनाबादला भावाच्या बांधावर एक शिसम होतं. नसरीन तान्ही असताना आपा माहेरी शेतात कामाला जायची आणि त्या शिसमाच्या फांदीला झोळी बांधायची. भावाला तिथून रस्ता काढायचा होता, झाड आज ना उद्या जाणारच होतं. आपानं त्याला फोनवर बजावून ठेवलं, मी सांगेपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही.

चैत्र संपता संपता नसरीनला मुलगा झाला. बारीक होता, पण रडला खणखणीत. दवाखान्यातून आपानं पहिला फोन जावयाला केला, दुसरा हसनाबादला. तिसऱ्या दिवशी टेम्पोतून शिसमाचे ओंडके वखारीत उतरले.

आता अडचण बघा. त्यांच्यात बाळंतिणीचा चिल्ला असतो, चाळीस दिवसांचा. तो संपला की आंघोळ होते आणि मुलगी बाळासकट सासरी जाते. माहेरचा पाळणा सोबत जायला हवा. म्हणजे ओल्या झाडाचा पाळणा सव्वा महिन्यात. जी बाई उभ्या हयातीत लाकडाची घाई करणाऱ्यांना शिव्या देत आली होती, तिलाच आता घाई होती.

बबन डोकं खाजवत म्हणाला, "आपा, वखारीत वाळलेला साग भरलाय. त्याचा करू की. शिसमाचं मागनं काहीतरी करू."

"न्हाई."

"तडकलं तर?"

"तडकत न्हाई." मग जरा थांबून ती म्हणाली, "तडकायचं न्हाई, बबन. ह्या खेपेला काहीच तडकायचं न्हाई."

तेव्हा मला समजलं की तिनं मनात काय गाठ मारून ठेवली होती. फळी नीट वाळली तर पोर नीट. हे ती कुणाला बोलून दाखवणारी नव्हती. पण पत्र्याच्या खोलीतून जुन्या पाळण्याच्या दांड्या तिनं एक न एक बाहेर काढल्या आणि थरांना नव्या पट्ट्या घातल्या, ते मी पाहिलं.

मग तिची दोन खोल्यांमधली ये-जा सुरू झाली. घराच्या मागच्या खोलीत नसरीन आणि बाळ. खिडकीला गोणपाट ठोकलेलं, कॉटखाली निखाऱ्यांची शेगडी, सकाळ-संध्याकाळ लोबानचा धूर. वखारीत शिसम. तिथंही दार बंद, शेगडी, डेग. आपा एका खोलीतून निघून दुसरीत जायची, बाळाला गाल लावून बघायची, मग फळीला. परकरात भुसा आणि दुपट्ट्यात लोबानचा वास, नाही तर त्याच्या उलट. बाहेर वैशाखाचं ऊन होतं, मराठवाड्यातलं. रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. मी बाळाला बघायला गेले की मिनिटभरात घामानं निथळायचे.

"आपा, जरा खिडकी उघडूया का?" मी म्हणाले.

"बाई, तुमचं इंग्रजी चांगलं आहे," ती म्हणाली. याचा अर्थ बाकीच्या गोष्टीत पडू नका.

शिसम फार छान चाललं होतं. आजोबा त्यांचं घड्याळ बघून यायचे आणि मान डोलवायचे. फळ्यांवर एक रेघ नव्हती. बाळ मात्र दूध ओढेना. आधी किरकिरायचं, मग किरकिरणंही कमी झालं. अंग तापलेलं, ओठ सुकलेले, धुरानं खोकला. एका सकाळी नसरीननं मला हाक मारली ती अशा आवाजात की मी गॅस बंद न करताच गेले. आम्ही रिक्षा करून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं बाळ तपासलं, खोलीची चौकशी केली, शेगडीचं, धुराचं, गोणपाटाचं सगळं विचारून घेतलं, आणि पेन खाली ठेवलं.

"आजी, हा ताप बाळाचा नाही, खोलीचा आहे," ती म्हणाली. "अशा उन्हाळ्यात अशा खोलीत मला तासभर बसता येणार नाही. शेगडी बाहेर काढा. धूर बंद. खिडकी उघडा, हवा खेळू द्या. आणि दूध पाजत राहा."

आपा हात मांडीवर ठेवून बसली होती. तिचा चेहरा असा झाला होता की डॉक्टरीणच जरा खालच्या आवाजात म्हणाली, "वेळेवर आणलंत. बरा होईल."

रात्रभर त्यांनी बाळाला ठेवून घेतलं, नळीवाटे पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं तेव्हा ते डोळे उघडून बघत होतं आणि अधाशासारखं पीत होतं. आपानं घरात पाऊल टाकलं ते थेट त्या खोलीत. गोणपाट ओढून काढलं, खिडकी सताड उघडली, शेगडी उचलून अंगणात नेऊन ओतली. मी नसरीनला जेवायला वाढून घरी आले. बबन जेवायला त्याच्या घरी गेला होता.

ओट्यापाशी उभी होते तर भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. टक्. मग थोड्या वेळानं पुन्हा, टक्. कुणी बोटं मोडावीत तसा. मी भिंतीवरून पाहिलं. पत्र्याच्या खोलीची दोन्ही दारं उघडी होती. डेग बाहेर, शेगडी बाहेर विझलेली. वैशाखातला भर दुपारचा वारा खोलीतून आरपार वाहत होता, आणि आपा दारात उभी होती.

मी चप्पल न घालता गेले. "आपा, हे काय केलंस?"

"हवा खेळू द्या म्हणल्या ना डॉक्टरबाई."

"बाळाच्या खोलीत, आपा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग फळ्यांकडे. आतून पुन्हा आवाज आला. एवढ्या वर्षांत लाखो वेळा तिनं लोकांना समजावलं असेल की आतून ओलं लाकूड वाऱ्यात टाकू नये. पण तिचा नियम एकच होता, बाळंतिणीचा, आणि तो ती दोन्ही खोल्यांना लावत होती. डॉक्टरनं तो मोडला तेव्हा तिच्या लेखी तो दोन्हीकडे मोडला. रात्रभर जागी होती, नातू हातून जाता जाता वाचला होता, आणि आपलंच कळणं त्याच्या जिवावर उठलं होतं या धक्क्यात तिनं दुसऱ्या खोलीचंही दार उघडून टाकलं. लाकडाला पोर मानणाऱ्या माणसाकडूनच अशी चूक व्हावी.

दारं लावली. मी आणि तिनं मिळून शेगडी पेटवली, डेग चढवलं, ओली पोती फळ्यांवर टाकली. तोवर बबन आला. त्यानं पोतं उचलून पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. वरच्या थरातल्या तीन फळ्या चिरल्या होत्या.

आपा जमिनीवर बसली. चष्मा काढून गळ्यात सोडला. "पाळणा करायचा न्हाई," ती म्हणाली.

"आपा, वाफेनं चिरा मिटतात थोड्या, तुम्हीच सांगता," बबन म्हणाला. "मंग रंधा मारतो. वरवरच्या निघून जातील."

"करायचा न्हाई म्हणले ना. चिल्ल्याच्या आत फाटलं. कळत न्हाई का तुला?"

बबनला कळत होतं. मलाही. 

तेवढ्यात नसरीन आली. चिल्ला संपायच्या आत बाळंतिणीनं दवाखान्याखेरीज उंबरा ओलांडायचा नसतो, आणि ती उघड्या वखारीतून, भुसा तुडवत, बाळ खांद्यावर घेऊन चालत आली. आपा उठायला लागली. "अंदर जा. पागल हुई क्या?"

नसरीन अंदर गेली नाही. घरात त्यांची बोली उर्दू, आणि ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत मला आठवतं. "अम्मी, इसकू हवा लगी तो ये बचा. लकडीकू हवा लगी तो वो फटी. दोनोंका एकीच कैसा रहेंगा?"

आपा तिच्याकडे बघत राहिली. बाळानं खांद्यावरून मान वळवली आणि त्याला उचकी लागली. नसरीननं त्याची पाठ चोळली. आपाचा हात आपोआप पुढे गेला, त्याच्या गालाला आपला गाल लावून तिनं बघितलं. अंग निवालेलं होतं.

"तो बला लकडी ले गई, ऐसा बोल," ती शेवटी म्हणाली. बाळावरची पीडा लाकडानं स्वतःवर घेतली, असं.

"वैसाइच," नसरीन म्हणाली. "अब उसका झूला बनाओ."

मग दार बंद झालं ते बंदच राहिलं. वाफ पुन्हा कोंडली. या वेळी फट उघडायला आपानं पहिल्यापेक्षाही जास्त सबुरी धरली. बाळाची खिडकी उघडी आणि शिसमाचं दार बंद, असे ते उरलेले दिवस गेले. दिवसातून कितीदा तरी ती थांबून स्वतःशी पुटपुटायची, कुठलं उघडं आणि कुठलं बंद. तिन्ही फळ्यांच्या चिरा वाफेनं आवळल्या. बबननं रंधा मारला तेव्हा दोन फळ्या स्वच्छ निघाल्या. तिसरीची चीर खोल होती. तिच्यात वितळवलेली लाख आणि शिसमाचाच बारीक भुसा कालवून भरला.

"ही तळाला घालतो," बबन म्हणाला. "गादीखाली जाईल. दिसायची न्हाई."

"उशाला घाल. वरच्या अंगाला."

"लोक नावं ठेवतील, आपा. वखारवालीचा पाळणा अन् चिरलेला."

"ठेवू दे. ह्या फळीनं काय केलंय ते लोकाला काय माहीत?"

इरा, तुझ्या फळीचं आता. टोकांना मेणबत्तीचं मेण चोळ, जाड थर. फळी ओल्या टॉवेलात गुंडाळून उबदार जागी ठेव, हीटरवर नाही. आतपर्यंत ऊब गेली असं वाटलं की ओलं काढून कोरडं कापड गुंडाळ, आणि दर दोन-तीन दिवसांनी ते थोडं सैल कर. खाली-वर पट्ट्या ठेव, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखी हवा लागेल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करत जा. वजन उतरायचं थांबलं की फळी वाळली. आणि आधीच पडलेल्या चिरा खोल असतील तर त्या भर, पण फळी फेकू नकोस.

चिल्ल्याची आंघोळ झाली, त्या दुपारी तीर्थपुरीला जायला टेम्पो आला. आपा लेकीला पोचवायला आठ दिवसांसाठी म्हणून निघाली आणि तिथंच राहिली. नातू तिला सोडेना, असं ती फोनवर सांगायची. ती त्याला सोडेना, असं नसरीन सांगायची. वखार बबन बघू लागला. पुढे आजोबांच्या दुखण्यामुळे आम्ही बदनापूर सोडलं. आमचं बोलणं फोनवर होत राहिलं, भेट झाली नाही. गेल्या थंडीत नसरीनचा फोन आला तेव्हा आवाजावरूनच मला कळलं, आपा गेली. त्या दुपारी मी तिला पाहिलं ते शेवटचं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

नसरीन बाळाला घेऊन पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, काच पूर्ण खाली केलेली. आपाला पुढे जागा होती. ती मागे चढली. हौद्यात मधोमध पाळणा, बबननं दोरीनं घट्ट बांधलेला, आणि त्याच्याशेजारी जुन्या गादीवर ती. ऊन भाजून काढत होतं, वारा सुटला होता. तिनं एक ओली चादर पाळण्यावरून टाकली, उशाच्या फळीवर दुहेरी केली.

"आपा, पाळणा वाळलाय आता," बबन खालून म्हणाला. "त्याला काही होत न्हाई."

"तू तुझं काम कर," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला ओरडली, "भाई, जल्दी करू नका."

टेम्पो हलला. वळणावर वाऱ्यानं चादरीचं टोक उडालं, तिनं झेप घेऊन ते दाबलं. पुढच्या खिडकीतून बाळाचं टोपडं वाऱ्यानं फुगलेलं दिसत होतं. मी रस्त्यात येऊन हात हलवत उभी राहिले. आपानं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. हात तिला हलवता आला नाही. तिचे दोन्ही हात चादरीवर होते.